दुर्लक्षित नांदरुक बोन्साय: मृगात करवत लावण्याआधी आणि लावल्यावर

शेडनेटच्या कडेला, दोन-चार वर्षे कुणाचा हात न लागलेले नांदरुकाचे (वडाच्या जातकुळीतले, म्हणजे फायकस) बोन्साय बहुतेक रोपवाटिकांत सापडते. बुंधा मनगटाएवढा, वर तीन-चार काठ्या सरळ उंच धावलेल्या, पाने फक्त शेंड्याला आणि मुळ्या कुंडीच्या भोकातून थेट जमिनीत. असे झाड स्वस्तात विकू नका, टाकून तर मुळीच देऊ नका. तसा बुंधा तयार व्हायला कितीतरी वर्षे लागतात. फांद्या मात्र दोन-तीन पावसाळ्यांत नव्याने धरता येतात.

काप कधी घ्यायचा ते झाडाच्या ताकदीवर ठरते. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवे दिसले आणि पांढरा चीक लगेच आला, तर झाड जोमात आहे. चीक पातळ, उशिरा येणारा, पाने पिवळी, आणि पाणी घातले की कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जाते, अशी लक्षणे असतील तर मुळांचा गोळा घट्ट झाला आहे. या झाडावर यंदा करवत चालवू नये. कुंडी पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, मग झाड बाहेर काढून बाहेरच्या बाजूची जुनी मुळी एक तृतीयांश कापा आणि नव्या मिश्रणात लावा. फांद्या राहू द्या. त्या पानांच्या जोरावरच पांढरी मुळी सुटते. मोठी छाटणी पुढच्या मृगात.

जमिनीत मुळ्या गेलेल्या जोमदार झाडाचा क्रम उलटा. आधी वरचा काप घ्या, जमिनीतल्या मुळ्या तशाच ठेवा. त्यांच्यामुळे खोडावरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) जोरात फुटतात. दीड-दोन महिन्यांनी नवे फुटवे पक्के झाले की खालच्या मुळ्या तोडून कुंडी बदला. एका वेळी एकच धक्का. डोके आणि मुळ्या एकाच दिवशी कापून झाड गमावणारे दरवर्षी भेटतात.

महाराष्ट्रात मोठ्या कापाला मृग ते पुनर्वसू, म्हणजे साधारण ८ जून ते १९ जुलै हा काळ सर्वांत सुरक्षित. हवेत दमटपणा असतो, रात्रीही ऊब असते. कोकणात किंवा पुण्याकडे फेब्रुवारीअखेरही छाटणी जमते, पण विदर्भ-मराठवाड्यात मेच्या कोरड्या उन्हात उघडी पडलेली साल भाजते. तिथे पाऊस लागेपर्यंत थांबावे. हस्त नक्षत्रानंतर घेतलेल्या कापावर फुटवे येतात, पण थंडीत ते बोटभर वाढून थबकतात.

आता प्रत्यक्ष काप. आधी माती थोडी उकरून मुळांचा पसारा बघा आणि झाडाचा दर्शनी भाग ठरवा. अंतिम उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट धरली की झाड ठेंगू तरी भारदस्त दिसते. बुंधा ८ सेंमी असेल तर उंची ४५ ते ५० सेंमी. खोड निमुळते दिसायला पहिला मोठा काप याच्या एक तृतीयांशावर, १५ ते १७ सेंमीवर, एखाद्या बाजूच्या फांदीच्या लगेच वर घ्या. तीच फांदी पुढचा शेंडा होते. काप तिरका आणि शक्यतो मागच्या बाजूला. कापाखाली अशी फांदी नसेल तर एक-दोन सेंमीचा ठोंब सोडा, कारण फायकसचे लाकूड कापापासून खालच्या डोळ्यापर्यंत वाळत जाते. फुटवे पक्के झाल्यावर ठोंब साफ करता येतो.

नांदरुक आणि वड उघड्या जुन्या लाकडावरही फुटतात. बेंजामिना या झुकत्या फांद्यांच्या फायकसचा भरवसा नाही: ज्या फांदीवर एकही पान ठेवले नाही ती बहुधा वाळते, म्हणून प्रत्येक फांदीवर दोन-चार पाने राखा. बाजारात ‘जिनसेंग’ म्हणून मिळणाऱ्या फुगीर मुळांच्या झाडांवर लहान पानांचे कलम केलेले असते. कलमाच्या जोडाखाली काप घेतला की खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केले त्या खालच्या झाडाची, मोठी पाने येतात आणि झाडाचा मूळ रुबाब जातो. जोड आधी शोधा.

वरचा तुकडा सुबक असेल तर तो कचऱ्यात कशाला? कापाच्या जागेच्या किंचित वर गुटी बांधा. खोडाच्या जाडीहून थोडी रुंद साल गोल काढून, आतला निसरडा थर नीट खरवडून, ओले शेवाळ आणि प्लास्टिक. सहा-आठ आठवड्यांत मुळ्या दिसतात. तोडले की एकाची दोन झाडे. मोठा काप तेवढा लांबतो, म्हणून गुटी मृगाच्या पहिल्या दिवसांतच बांधलेली बरी.

चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हाताला खोबरेल तेल लावून काम करा. पाण्याचा फवारा मारून, ओल्या फडक्याने टिपून चीक थांबला की मगच पेस्ट लावा. वाहत्या चिकावर काहीच चिकटत नाही. मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट चालते: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १० ग्रॅम कळीचा चुना, १०० मिली पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. करवत-कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

यानंतरची सर्वांत मोठी चूक पाण्याची. पाने गेली की झाडाचे पाणी पिणे एकदम उतरते, आणि नेमके तेव्हाच काळजीपोटी रोज झारी चालते. मुळ्या कुजतात, फुटवे येत नाहीत, मग आणखी पाणी. कुंडी उचलून वजन बघा, वरची माती एक सेंमी कोरडी लागली तरच पाणी द्या. खोडावर मात्र दिवसातून दोनदा फवारा मारा. कोकणातल्या संततधारेत कुंडी पागोळ्यांखाली नको. एका बाजूने वीट लावून कलती ठेवा. ५० टक्के शेडनेटखाली, जागा न हलवता. जागा बदलली की फायकस रुसून उरलीसुरली पाने टाकतो.

मिश्रणाला चार भाग विटांचे २ ते ५ मिमी तुकडे, दोन भाग जाड वाळू, दोन भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. विटांची भुकटी चाळून काढलीच पाहिजे, नाहीतर तीच चिखल होऊन बसते आणि वाफसा येत नाही.

दोन ते चार आठवड्यांत कापाच्या कडेने झुपक्याने धुमारे येतील. एका जागी चार-पाच ठेवले तर तिथे गाठ फुगते आणि खोड वर जाड, खाली बारीक दिसते. बोटभर झाल्यावर हवे तेवढे, वळणाच्या बाहेरच्या बाजूचे ठेवा, बाकी काढा. खत पाच-सहा पाने उघडल्यावरच: १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे नत्र-स्फुरद-पालाश खत एक ग्रॅम प्रति लिटर, दर १५ दिवसांनी. बोन्साय म्हटले की कात्री सारखी हातात येते, पण पहिल्या हंगामात ठेवलेल्या फांद्या दीड-दोन फूट मोकळ्या धावू द्या. त्याशिवाय त्या जाड होत नाहीत. फांद्या कोवळ्या असतानाच त्यांच्या एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियम तार ४५ अंशांत गुंडाळा. पावसाळ्यात फायकस झपाट्याने जाडावतो. सहा आठवड्यांत तार सालीत रुतते. उलगडत बसू नका, तुकडे करून काढा.

नवी पाने शिंपल्यासारखी मिटलेली दिसली तर आत काळे फुलकिडे आहेत. मिटलेल्या पानात फवारा पोहोचत नाही. ती पाने तोडून जाळा, मग अझाडिरॅक्टीन (कडुनिंबापासूनचे कीटकनाशक) १०,००० पीपीएम ३ मिली प्रति लिटर संध्याकाळी फवारा. पिठ्या ढेकूण बेचक्यांत बसतो, तो साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने घासून काढा. धावलेल्या फांद्या दोन-तीन पानांवर परत आणण्याची छाटणी आता थंडी सरल्यावर, फेब्रुवारीअखेर.