पीएस५ प्रो घेण्याआधी या चुका टाळा

नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस५ प्रो, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेमिंग कन्सोलचं जास्त ताकदीचं रूप, बाजारात आला. तेव्हापासून ज्यांच्या घरी साधा पीएस५ आहे त्यांना "घेऊ का?" हा प्रश्न अधूनमधून छळतोच. मला कोणी विचारलं तर बहुतेकांना मी 'नको' म्हणतो. यंत्र वाईट आहे म्हणून नव्हे. जी कटकट मिटवायला लोक प्रो घ्यायला निघतात, ती बऱ्याचदा प्रोच्या वाढीव ग्राफिक्स ताकदीने मिटणारी नसते. कधी ती टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते, कधी भरलेल्या एसएसडीमध्ये (गेम साठवायच्या जागेत), तर कधी प्रोसेसरमध्ये, जो प्रोमध्येही जवळपास तसाच ठेवलाय.

'स्लिम' आणि 'प्रो' एकच समजणं

ही चूक दुकानात रोज होते. स्लिम म्हणजे तोच पीएस५, फक्त आकाराने लहान आणि सहसा १ टीबी साठवणुकीचा. गेम त्याच वेगाने, त्याच स्पष्टतेने चालतात. जुना जाडा पीएस५ विकून 'अपग्रेड' म्हणून स्लिम घेणाऱ्याला जागा थोडी जास्त मिळते, बाकी काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सकडे तर या पिढीत प्रोसारखा प्रकारच आलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५९९.९९ डॉलरला आलेला २ टीबीचा काळा सिरीज एक्स ताकदीत जुन्या सिरीज एक्सइतकाच आहे.

प्रो नेमकं काय करतो, ते न बघता घेणं

पीएस५ वर बऱ्याच मोठ्या गेममध्ये दोन पर्याय असतात. एकात (क्वालिटी मोड) चित्र रेखीव दिसतं, पण सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं मिळतात. दुसऱ्यात (परफॉर्मन्स मोड) ६० फ्रेम मिळतात, पण चित्र धूसर होतं. प्रोची घोषणा करताना पीएस५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितलं होतं की साधारण तीन चतुर्थांश वेळा खेळाडू दुसरा पर्याय निवडतात. ही निवड करावी लागू नये, एवढंच प्रोचं काम. त्यासाठी ग्राफिक्स चिपमधली कंप्यूट युनिट ३६ वरून ६० केली, मेमरी २८ टक्के वेगवान केली आणि रे ट्रेसिंगचा (प्रकाश नि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचा) वेग दुप्पट-तिप्पट केला. जोडीला पीएसएसआर आलं, म्हणजे कमी रेझोल्यूशनचं चित्र एआयच्या मदतीने मोठं आणि रेखीव करणारं तंत्र. सोनीच्याच म्हणण्यानुसार चित्र तयार करण्याचा वेग जास्तीत जास्त ४५ टक्क्यांनी वाढतो.

आता स्वतःला विचारा: परफॉर्मन्स मोडमध्ये खेळताना चित्र धूसर दिसतंय असं तुम्हाला आपणहून कधी खटकलंय का? यूट्यूबवर दोन चित्रं शेजारी ठेवून, चारपट मोठी करून दाखवल्यावर खटकलं असेल तर ते मोजू नका. 'फायनल फँटसी ७ रीबर्थ' साध्या पीएस५ वर खेळलेल्यांपैकी अनेकांना ते खरंच खटकलं होतं. तिथे ६० फ्रेमला चित्र इतकं मऊ व्हायचं की केसांचा नि गवताचा लगदा दिसायचा. प्रोवर तो गेम डोळ्यांना लगेच वेगळा जाणवतो. तुम्ही रोज 'ईए एफसी' किंवा 'फोर्टनाइट' खेळत असाल, तर ते साध्या यंत्रावरही ६० ला चालतात आणि या फरकाचं तुम्हाला फारसं सोयरसुतक नसेल.

टीव्हीकडे दुर्लक्ष

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबतो.

आधी अंतराचं गणित बघू. ५५ इंची ४के टीव्हीवर दोन शेजारचे ठिपके वेगळे ओळखायला चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण ११० सेंटीमीटरवर बसावं लागतं. ४३ इंची टीव्हीसमोर तुम्ही सोफ्यावर दहा फुटांवर बसत असाल, तर १०८०पी आणि ४के यांतला निव्वळ ठिपक्यांचा फरक डोळ्यापर्यंत पोचतच नाही. कडांचं लुकलुकणं किंवा हालचालीतला पुसटपणा लांबूनही जाणवतो, हे मान्य. पण त्यासाठी प्रो घेण्यापेक्षा खुर्ची पुढे ओढणं स्वस्त पडतं. मुंबई-पुण्याच्या वन बीएचकेमधल्या हॉलमध्ये हा उपाय शक्य आहे की नाही, ते घरच्यांना विचारून ठरवा.

दुसरी गोष्ट १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्याची. स्वस्त ४के टीव्ही बहुतेक ६० हर्ट्झचे असतात. खोक्यावर '१२० मोशन' किंवा तसलं काही लिहिलेलं असलं तरी पॅनल ६० चं असू शकतं. शोधायचं ते 'एचडीएमआय २.१' आणि '४के १२० हर्ट्झ इनपुट' हे शब्द. आणि तेही कोणत्या पोर्टला, ते नीट पाहायचं. कित्येक टीव्हींच्या चार पोर्टपैकी दोनच पोर्ट ही क्षमता देतात, आणि कन्सोल लावलेला असतो भलत्याच पोर्टला.

योग्य पोर्ट सापडला तरी तो अनेकदा बंद अवस्थेत येतो. सोनीच्या टीव्हीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर' अशी नावं शोधा आणि ते चालू करा. गेम मोडही लावा, नाहीतर टीव्ही चित्र 'सुधारण्यात' वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते. मग पीएस५ च्या सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन अँड व्हिडिओ', त्यात 'व्हिडिओ आउटपुट' उघडा. तिथे 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन'मध्ये सध्या नेमकं काय बाहेर पडतंय ते दिसतं. ३८४० x २१६० च्या जागी १९२० x १०८० दिसलं, तर धूसरपणाचं कारण तुमच्या हाती लागलं.

१२० हर्ट्झचा टीव्ही असेल तर साध्या पीएस५ वरही एक मधली वाट आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट', 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' अशा काही गेममध्ये ४० फ्रेमचा पर्याय आहे. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७, आणि ४० ला बरोबर २५, म्हणजे वेळेच्या हिशेबाने अगदी मधोमध. ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही, १२० ला जातो. म्हणून तो पर्याय १२० हर्ट्झच्या टीव्हीवरच मिळतो. चित्र जवळजवळ क्वालिटी मोडचं, हालचाल मात्र बरीच सुरळीत. जुना टीव्ही आणि साधा पीएस५ असलेल्या माणसाने पैसे साठवले असतील, तर मी आधी टीव्ही बदलायला सांगेन.

गेम अडखळतो म्हणून प्रो घेणं

अडखळण्याची कारणं दोन. ग्राफिक्स चिप कमी पडते किंवा प्रोसेसर कमी पडतो. प्रोमध्ये पहिली वाढवली. दुसरा मुळात तोच, एएमडीच्या झेन २ रचनेचा आठ कोअरचा. 'बॉल्डर्स गेट ३' च्या तिसऱ्या अंकातलं शहर किंवा 'ड्रॅगन्स डॉग्मा २' मधलं गजबजलेलं गाव इथे भार पडतो तो माणसांच्या हालचालींचा आणि जगाच्या हिशेबाचा, म्हणजे प्रोसेसरवर. तिथे प्रो चमत्कार करत नाही. येऊ घातलेला एखादा मोठा गेम 'प्रोवर नक्की ६० ला चालणार' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर तो अंदाज समजा.

पीएसएसआरही दरवेळी चित्र सुधारतंच असं नाही. 'सायलेंट हिल २' आणि 'जेडाय सर्व्हायव्हर' मध्ये सुरुवातीला प्रोवर झाडंपानं आणि सावल्या उलट जास्त लुकलुकत होत्या. म्हणून 'प्रो एन्हान्स्ड' हा शिक्का पाहून समाधान मानू नका. तुम्ही खेळता त्या दोन-तीन गेमची नावं घेऊन, सध्याच्या पॅचनंतरची (गेमच्या ताज्या सुधारणेनंतरची) तुलना शोधा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पिढीच्या मध्यात आलेल्या यंत्राचं मोल पिढीच्या शेवटी शेवटी वाढतं. पीएस४ प्रो २०१६ मध्ये आला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' साध्या पीएस४ वर इतका वाईट चालला की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. जून २०२१ मध्ये परत आणताना पीएस४ प्रो किंवा पीएस५ वर खेळा, असा सल्ला सोनीनेच दिला. ज्यांच्याकडे अजून पीएस४ च आहे आणि पुढची अनेक वर्षं दुसरं यंत्र घ्यायचं नाही, त्यांनी थेट प्रोचा विचार करायला माझी हरकत नाही.

जागा संपली म्हणून

पहिल्या पीएस५ ची एसएसडी ८२५ जीबीची, वापरायला मिळतात सुमारे ६६७. तीन-चार अवजड गेम टाकले की जागा भरली. प्रोमध्ये २ टीबी आहे, पण तेवढ्यासाठी नवं यंत्र? झाकण काढा, आत एम.२ ची, म्हणजे जादा एसएसडीची पट्टी बसवायची, मोकळी जागा आहे. जेन ४ ची, ५,५०० एमबी प्रतिसेकंद वाचन वेगाची, हीटसिंक असलेली एसएसडी घ्या. एक-दोन स्क्रू काढायचे, बसवायची, फॉरमॅट करायची. ८ टीबीपर्यंत चालते. झाकण काढलंच आहे तर धूळ साठायला ठेवलेल्या भोकांवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. पंखा ओरडतोय म्हणून यंत्र बदलायला निघालेल्यांचं काम बऱ्याचदा तिथेच होतं.

फक्त खोक्यावरची किंमत धरणं

अमेरिकेत प्रो ६९९.९९ डॉलरला आला, डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह ७९.९९, उभा ठेवायचा स्टँड २९.९९. झाले ८१० डॉलर. पीएस५ स्लिमची सुटी होणारी ड्राइव्ह प्रोला बसते, जुन्या जाड्या पीएस५ मधली बसत नाही. नवी ड्राइव्ह लावल्यावर ती यंत्राशी जोडायला एकदा इंटरनेट लागतं. ज्यांच्या कपाटात डिस्कची चळत आहे आणि जे खेळून झालेली डिस्क विकून पुढची घेतात, त्यांनी हा खर्च आधीच धरावा.

भारतात आणखी एक गुंता आहे. प्रो बाजारात आला तेव्हा सोनीने भारताला वगळलं, कारण त्यातलं वायफाय ७ सहा गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि त्या पट्ट्याला तेव्हा भारतात परवानगी नव्हती. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जे प्रो दिसू लागले ते दुबई, सिंगापूर, अमेरिकेहून आलेले. घेण्याआधी अधिकृत विक्री सुरू झाली आहे का, ते सोनीकडे तपासा. नसेल तर समजून घ्या की इथल्या सेवा केंद्रात वॉरंटी मिळेल हे गृहीत धरता येत नाही आणि 'दुकानाची वॉरंटी' म्हणजे दुकानदाराचा शब्द. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर मागा. मॉडेल क्रमांक 'सीएफआय-७' ने सुरू होतोय ना, ते खोक्यावर नाही, यंत्रावर बघा.

दादरचा भाचा न्यू जर्सीच्या मामाकडून मागवणार असेल, तर विमानतळावर सामानाच्या शुल्कमाफीच्या मर्यादेचा विचार मामाला आधी करू द्या. जपानहून स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी पीएस५ आणत असेल तर जास्त सावध राहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे ५५,००० येनला आलेला डिजिटल पीएस५ फक्त जपानी भाषेचा आहे आणि जपानमधल्या खात्यावरच चालतो. तो प्रो नव्हे, पण स्वस्ताईच्या नादात तोच गळ्यात पडू शकतो. परदेशी प्रोवर तुमचं भारतातलं पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन) खातं चालतं. परदेशी डिस्क आणि इथल्या स्टोअरवरचा डीएलसी (गेमला जोडायचा जादा भाग) मात्र एकमेकांशी जुळेलच असं नाही.

जुना पीएस५ आधी विकणं

ओएलएक्सवर चांगला भाव आला, त्याच संध्याकाळी यंत्र देऊन टाकलं, आणि नंतर कळलं की सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, गेले. पीएस५ गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येत नाहीत. फक्त पीएस४ गेमचे काढता येतात. पीएस प्लस (सोनीचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व) असेल तर क्लाउडवर चढवा आणि चढलेत का ते एकेका गेमचं नाव पाहून खात्री करा. नसेल तर दोन्ही यंत्रं एकाच वेळी घरात असायला हवीत. ती लॅन केबलने जोडा आणि नव्या यंत्रावरून डेटा ट्रान्सफर सुरू करा. गेम साठवलेली बाहेरची यूएसबी ड्राइव्ह जुन्यावरून काढून नव्याला लावली तरी चालते. जुन्यावर 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' बंद करा, खातं काढा, फॅक्टरी रीसेट करा. गिऱ्हाईकाला त्यानंतरच फोन करा.