तरंगत्या रिगवर विहिरीचा दाब: मॉडेल बनवायला कुठून सुरुवात करायची
ड्रिलिंग चालू असताना लाटांचा त्रास फारसा नसतो, हीव्ह (लाटांमुळे रिगचं वरखाली होणं) भरून काढणारं यंत्र, हीव्ह कॉम्पेन्सेटर, पाइपला बऱ्यापैकी स्थिर धरतो, खरी गंमत नवीन पाइप जोडताना, कारण तेव्हा स्ट्रिंग (जोडलेल्या पाइपांची लांब माळ) स्लिप्समध्ये, म्हणजे रिगवरच्या पाचरींच्या पकडीत, अडकवतात आणि ती रिगबरोबरच वरखाली होते, सिरिंजच्या दट्ट्यासारखी. खाली गेली की तळाचा दाब वाढणार, वर आली की पडणार. म्हणून मॉडेल जोडणीच्या वेळचंच करा: मुख्य पंप बंद, बॅकप्रेशर पंप (वरून दाब टिकवणारा) आणि चोक (विहिरीतून बाहेर येणारं मड, म्हणजे ड्रिलिंगचा द्रव, कमीजास्त सोडणारा व्हॉल्व्ह) चालू.

आधी कागदावर हिशोब. नॉर्थ सी धरा, रिग १ मीटर वर, १ मीटर खाली, पिरियड १२ सेकंद. कमाल वेग २ गुणिले ३.१४ भागिले १२, म्हणजे ०.५२ मी/से. ५ इंची पाइपचं क्षेत्रफळ ०.०१२७ चौमी, पाइपच्या खालच्या टोकाचा एकदिशा व्हॉल्व्ह, फ्लोट व्हॉल्व्ह, बंद, म्हणजे मिनिटाला जवळपास ४०० लिटर मड ढकललं जातं! एवढं सगळं चोकने सांभाळायचं.

मग ॲन्युलसचे (पाइप आणि विहिरीची भिंत यांमधल्या पोकळीचे) ५-१० तुकडे पाडा, प्रत्येकाला दाबाचं एक आणि फ्लोचं एक समीकरण, घर्षण धरून. एकाच तुकड्यात भागत नाही बरं का, मडमधून दाब साधारण १००० मी/से ने जातो, ४००० मीटर विहिरीत तळाची बातमी वर यायला ४ सेकंद, तोवर लाट एक तृतीयांश पुढे सरकलेली. साधा पीआय कंट्रोलर (दाब चुकल्यावरच चोक हलवणारा) इथेच गंडतो, कधीकधी चढउतार उलट वाढवून ठेवतो. त्यामुळे हीव्हचा अंदाज चोकला आधीच देणारा फीडफॉरवर्ड जोडा. जेल झालेल्या (थांबून घट्ट झालेल्या) मडचं घर्षण शेवटी बघा, लय किचकट आहे ते.