फर्मवेअर अपडेट करण्यापूर्वी: अँप मॉडेलरवरील प्रीसेटसाठी करावयाची तयारी

डिजिटल अँप मॉडेलरवर, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरचा आवाज गणिताने घडवणाऱ्या उपकरणावर, आपण जो प्रीसेट जतन करतो त्यात आवाज साठवलेला नसतो, ही गोष्ट तयारीला लागण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी. कोणते अँप, कोणते कॅबिनेट (स्पीकरची पेटी), कोणते इफेक्ट आणि ते कोणत्या क्रमाने, गेन किती, प्रेझेन्स किती, कोणत्या फूटस्विचने काय बदलते, एवढीच नोंद त्या फाइलमध्ये असते. त्या नोंदीवरून प्रत्यक्ष आवाज घडवणारे गणित फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, असते, आणि ते बदलले की नोंदीतला एकही आकडा न हलता आवाज बदलू शकतो. म्हणून तयारी दोन गोष्टींची करावी लागते: नोंद सुरक्षित ठेवण्याची आणि आवाजाचा पुरावा ठेवण्याची. बहुतेक जण पहिली करतात आणि दुसरी विसरतात.

सुरुवात रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदलले याची कंपनीने दिलेली यादी, वाचण्यापासून करावी. नव्या अँपांची नावे वाचून तिथेच थांबू नये. जुन्या प्रीसेटचे काय होणार, हे सांगणारी ओळ त्यात शोधावी. याबाबत सर्व कंपन्यांची रीत एक नाही. लाइन ६ ने हेलिक्स मालिकेसाठी २०२२ साली ३.५० ही आवृत्ती आणली तेव्हा कॅबिनेटचे इंजिन नवे आले, परंतु जुनी कॅबिनेटे ‘लेगसी’ या नावाखाली तशीच राहिली आणि जुने प्रीसेट त्यांच्यावरच चालत राहिले. ज्याला नवा आवाज हवा, त्याने कॅबिनेट स्वतः बदलून घ्यावे, अशी ती व्यवस्था होती. फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्स थ्रीसाठी २०२१ साली ‘सिग्नस’ हे अँप मॉडेलिंग आले, तेव्हा मात्र जुने मॉडेल शेजारी न ठेवता त्याच्याच जागी सुधारित मॉडेल बसवले गेले, त्यामुळे जतन केलेले प्रीसेटही आपोआप नव्या गणितावर वाजू लागले. दुसरी रीत अभियांत्रिकीच्या दृष्टीने स्वच्छ आहे, हे मान्य. पण ज्याचा चाळीस गाण्यांचा कार्यक्रम ठरलेला आहे त्याला पहिलीच सोयीची वाटणार. आपले उपकरण कोणत्या रीतीत बसते हे ठरले की पुढे किती काळजी घ्यायची ते कळते. मधल्या काही आवृत्त्या गाळून थेट शेवटच्या आवृत्तीवर जायचे असेल, तर गाळलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या नोट्स वाचाव्यात, कारण आवाज बदलणारी ओळ नेमकी त्यांतल्याच एखादीत असते.

त्यानंतर संपूर्ण बॅकअप घ्यावा. हेलिक्ससाठी संगणकावरचा एचएक्स एडिट हा एडिटर, फ्रॅक्टलसाठी फ्रॅक्टल-बॉट हा प्रोग्रॅम, केम्पर या मॉडेलरसाठी यूएसबी स्टिक, अशी ज्याची त्याची सोय असते. बॅकअपबरोबरच महत्त्वाचे प्रीसेट सुटे निर्यात करून ठेवावेत, म्हणजे एकच प्रीसेट परत हवा असताना सगळे उपकरण मागे न्यावे लागत नाही. फोल्डरच्या नावात तारीख आणि फर्मवेअरचा क्रमांक असावा. माझ्याकडे ‘नवीन’, ‘नवीन २’ आणि ‘अगदी नवीन’ असे तीन फोल्डर आहेत आणि त्यांपैकी कोणता आधीचा हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही.

बॅकअपमध्ये काय येत नाही, हेही त्याच वेळी तपासावे. बाहेरून घातलेली आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एखाद्या स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा) फाइल सहसा प्रीसेटच्या पोटात नसते. प्रीसेटमध्ये तिचा फक्त निर्देश असतो, आणि काही उपकरणांत तो जागेच्या क्रमांकाने केलेला असतो. तिथे रीसेटनंतर आयआर वेगळ्या क्रमाने चढवल्या, तर प्रीसेट तक्रार न करता भलत्याच स्पीकरमधून वाजतो किंवा मुका होतो. म्हणून मूळ आयआर फाइली संगणकावर ठेवाव्यात आणि त्यांच्या क्रमाचे छायाचित्र घ्यावे. ग्लोबल सेटिंग्जचेही तसेच: आउटपुट लाइन पातळीवर आहे की इन्स्ट्रुमेंट, ग्लोबल ईक्यू चालू आहे का, इनपुट पॅड, मिडी चॅनल, एक्सप्रेशन पेडलचे कॅलिब्रेशन. अपडेटनंतर ‘आवाज पातळ झाला’ असे वाटते तेव्हा दोष मॉडेलमध्ये शोधण्यापूर्वी ही पाने पाहावीत.

आता आवाजाचा पुरावा. गिटारचा कोरडा सिग्नल, म्हणजे डीआय, यूएसबीवरून एकदाच रेकॉर्ड करावा. त्यात हळुवार बोटांचे वादन, जोरकस कॉर्ड, लांबवलेला सूर आणि व्हॉल्यूम नॉब कमी करून वाजवलेला तुकडा असावा, कारण अँपच्या गणितातला फरक सगळ्यात आधी स्पर्शाच्या प्रतिसादात जाणवतो. हाच डीआय प्रत्येक महत्त्वाच्या प्रीसेटमधून, त्यातील प्रत्येक स्नॅपशॉट किंवा सीनसह (एकाच प्रीसेटमधल्या साठवलेल्या वेगवेगळ्या मांडण्या), रीअँप करून, म्हणजे उपकरणातून पुन्हा वाजवून, जतन करावा. अपडेटनंतर तेच पुन्हा करून दोन्ही रेकॉर्डिंगे एकाच पातळीवर आणून ऐकावीत. अर्ध्या डेसिबलने मोठे असलेलेही कानाला ‘सुधारलेले’ वाटते. एकाची फेज उलटवून, म्हणजे ध्वनिलहर वरची खाली करून, दुसऱ्यात मिसळली तर जे शिल्लक उरते तो निव्वळ फरक, परंतु कोरस, फेझर, रिव्हर्ब असे स्वतःच्या गतीने डोलणारे इफेक्ट या चाचणीपुरते बंद ठेवावेत. ते चालू असताना तोच प्रीसेट त्याच फर्मवेअरवर दोनदा वाजवला तरी बाकी शून्य येत नाही.

परतीची वाट अगोदर आखून ठेवावी. जुन्या फर्मवेअरची फाइल आणि तिच्याशी जुळणारी एडिटरची आवृत्ती हाताशी असावी. नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रीसेट जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नाही: हेलिक्स कुटुंबातल्या छोट्या एचएक्स स्टॉम्पला ३.०० आवृत्तीत सहाऐवजी आठ ब्लॉक, म्हणजे एका प्रीसेटमध्ये अँप किंवा इफेक्ट बसवण्याच्या जागा, मिळाले. त्या आठांचा प्रीसेट सहांच्या चौकटीत मावणार तरी कसा? मागे जायचे तर जुन्या बॅकअपसहच जाता येते.

प्रत्यक्ष अपडेटसाठी कार्यक्रमापासून निदान आठवडाभर दूरचा दिवस निवडावा. केबल हबमधून न घेता थेट संगणकाला जोडावी, लॅपटॉप चार्जरवर ठेवून त्याची स्लीप बंद करावी, आणि काम चालू असताना उपकरणाची वीज तोडू नये. काही उपकरणे पहिल्यांदा सुरू होताना सर्व प्रीसेट नव्या स्वरूपात पुन्हा बांधतात. पडदा बराच वेळ तसाच दिसला तरी घाबरून स्विच बंद करू नये. नोट्समध्ये फॅक्टरी रीसेट करून मग बॅकअप चढवण्यास सांगितले असेल, तर तो क्रम तसाच पाळावा.

नंतरची तपासणी डीआयच्या तुलनेने सुरू करावी, मग फूटस्विच, पेडल आणि टेम्पो पाहावेत, आणि शेवटी ज्या आवाजाच्या पातळीवर आपण बँडसोबत वाजवतो त्याच पातळीवर ऐकावे, कारण हेडफोनवर जुळलेला बास तिथे जुळतोच असे नाही. एखादा प्रीसेट दुरुस्त करावा लागला तर तो नव्या नावाने, रिकाम्या जागी जतन करावा. सर्व प्रीसेट तपासून होईपर्यंत मूळ जागेवर काहीही सेव्ह करू नये, आणि तपासणी संपल्यावर नवा बॅकअप घेताना जुन्याचा फोल्डर पुसू नये.