भंगारातून एटीव्ही बांधताय? या चुका टाळा

मुंबईत सामानाची ददात नाही. कापलेल्या गाड्यांचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात, पाइप आणि प्लेट दारुखान्यात, बेअरिंग आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटला. तरीही हौसेने सुरू केलेल्या कित्येक एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालवायच्या छोट्या चारचाकी) गाळ्याच्या कोपऱ्यात अर्धवट पडून राहतात. बहुतेकदा कारण एकच असतं: स्वस्तात मिळालं म्हणून आधी इंजिन उचललं जातं आणि मग उरलेली गाडी त्याच्याभोवती जुळवत बसावं लागतं. एक्सल एका गाडीचा, ब्रेकचे ड्रम दुसऱ्याचे, रिम तिसऱ्याची. प्रत्येक सांध्याला लेथवाल्याकडे नवा अडॅप्टर करायचा आणि दर अडॅप्टरला थोडा आउट (मध्यापासून सरकलेपणा) येणारच.

माझं मत ठाम आहे. एकाच गाडीचा मागचा भाग अख्खा घ्या. मुंबईत त्यासाठी वय संपलेल्या रिक्षेसारखी दुसरी चीज नाही. बजाजच्या मागच्या इंजिनाच्या रिक्षेत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) एकत्र येतात, चार गिअर पुढचे आणि एक रिव्हर्स. बाईकच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो. चिखलात पुढचं चाक रुतलं की त्याची किंमत कळते. सस्पेन्शनच्या आर्म, ड्रम, चाकांचे हब आणि शॉकअपही त्याच रिक्षेचे घ्या, आणि सोडवण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मुंबईच्या रिक्षा सीएनजीवर चालतात, पण सिलेंडर मात्र घेऊ नका. त्याची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते आणि भंगारातल्या सिलेंडरचा भरवसा कोणी देत नाही. पेट्रोलवरच चालवा.

घेताना पावती हवी आणि जुन्या आरसीची झेरॉक्स हवी. इंजिन नंबर घासलेला दिसला तर वस्तू कितीही स्वस्त असली तरी तिथून निघा. चोरीच्या गाडीचं इंजिन पदरात पडलं तर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील. बाईकचंच इंजिन घ्यायचं असेल तर कार्ब्युरेटरवालं बघा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ बाईक बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पंप, सेन्सर आणि वायरिंग सगळं त्याच गाडीचं मिळालं नाही तर ते इंजिन नुसतं वजन आहे.

फ्रेमचा पाइप

पाण्याचा जीआय पाइप भंगारात ढिगाने दिसतो आणि मोह होतो. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप येतो, शिवाय वेल्डमध्ये भोकं राहतात. फर्निचरचा पातळ पाइपही नको. अंदाज हवा असेल तर कॉलेजच्या मुलांच्या, अशाच गाड्या बांधायच्या बाजा एसएईइंडिया स्पर्धेकडे बघा. तिथे रोल केजच्या (चालकाभोवतीच्या पिंजऱ्याच्या) मुख्य पाइपसाठी २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बनचं पोलाद हा पाया धरतात. जुना पाइप घेतलात तर टोक कापून आत बघा. आपल्या खाऱ्या हवेत गंज आतून लागतो, बाहेरून रंग चकचकीत दिसतो.

आधी सपाट जागेवर सगळी फ्रेम नुसती टॅक करा (वेल्डचे ठिपके मारून जोडा), दोन्ही कर्ण टेपने मोजा, ते जुळले तरच पूर्ण वेल्डिंग करा. तेही एका बाजूला सलग नको. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, नाहीतर फ्रेम पिळली जाते. ७०१८ नंबरची वेल्डिंग रॉड वापरणार असाल तर पावसाळ्यात ती भट्टीत वाळवून घ्यावी लागते, ओलाव्याने वेल्ड तडकतो. आणि जुनी पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून तिला कधीही वेल्डिंग करू नका. आत उरलेल्या वाफेने टाकी फुटते, माणसं दगावतात.

गाडी चढाला दम तोडते

बाईकचं इंजिन आणि चेन ठेवलीत की हा त्रास येतोच. शंभर सीसीच्या बाईकचा पहिला गिअर हलक्या बाईकसाठी बनवलेला असतो. एटीव्हीचं वजन सहज दुप्पट होतं, मग क्लच जळतो आणि लोक क्लचप्लेटला दोष देतात. खरा हिशेब चाकाचा आहे. बाईकच्या ३.००-१८ टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६१० मिमी, मारुती ८०० च्या १४५/७० आर१२ चा ५०८, रिक्षेच्या ४.००-८ चा सुमारे ४०७. चेनसेट तोच ठेवून रिक्षेचं चाक लावलं तर वेग एक तृतीयांश कमी होतो आणि ओढ दीडपट होते. दिसायला भारी म्हणून मोठी चाकं लावाल तर नेमकं उलटं होईल. एवढ्यानेही भागत नसेल तर मधे एक जॅकशाफ्ट (इंजिन आणि एक्सलमधला जोडशाफ्ट) टाकून दोन टप्प्यांत गती उतरवा. मागे भलामोठा स्प्रॉकेट लावला तर तो दगडाला घासतो.

एक्सल साध्या एमएस (माइल्ड स्टील) बारचा करू नका, ईएन-८ हे जास्त मजबूत पोलाद घ्या. ३० मिमी शाफ्टला यूसीपी २०६ बेअरिंग बसतं, २५ ला २०५. स्प्रॉकेट शाफ्टवर थेट वेल्ड केला तर नेमका त्या काठावर शाफ्ट तुटतो. कीवे (चावीची खाच) पाडून हब बसवा.

स्टिअरिंग आणि ब्रेक

मारुती ८०० चा स्टिअरिंग रॅक (हँडल फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा) छोट्या गाडीला चांगला, पण मांडणी बदलली की फसगत होते. मूळ गाडीत स्टिअरिंग आर्म एक्सलच्या मागे असतील आणि तुम्ही नकल (चाक धरून वळणारे भाग) अदलाबदल करून त्या पुढे आणल्यात, तर हँडल उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे वळतात. रॅक उलटा बसवून दिशा सुधारते. मात्र वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, ते होत नाही आणि टायर खरडत जातात. स्टिअरिंग आर्मचे पॉइंट आणि किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो खिळा) जोडणारी रेघ मागच्या एक्सलच्या मध्याकडे गेली पाहिजे, हे जमिनीवर दोरी धरून तपासता येतं. खड्ड्यात हँडल आपोआप झटके देत असेल तर टाय रॉड (रॅक आणि चाक जोडणारा दांडा) आणि सस्पेन्शनच्या आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरताहेत. रॉडची उंची बदला, हँडल घट्ट करून काही होणार नाही. स्टिअरिंग कॉलम जोडायचा तर टोकाला टोक वेल्ड नको, आतून स्लीव्ह घाला. इथले बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे).

ब्रेकचं सामान जुनं घ्यायचं नाही, यावर माझी तडजोड नाही. ड्रम जुना चालेल. व्हील सिलेंडर, रबर, होज आणि ऑइल नवंच हवं. पेडल खाली जाऊन टेकत असेल आणि हवा काढूनही फरक पडत नसेल, तर मास्टर सिलेंडर (पेडलने ब्रेक ऑइल ढकलणारा) लहान पडतोय. बाईकच्या डिस्कचा मास्टर चार ड्रमना पुरेसं ऑइल ढकलू शकत नाही.

इंजिन तापतं, किंवा सुरूच होत नाही

बाईकचं एअरकूल्ड इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. ते सीटमागे कोंडलं की दहा मिनिटांत ताकद उतरते. स्कूटर आणि रिक्षेच्या इंजिनाला स्वतःचा पंखा आणि पत्र्याचं आवरण असतं, तो पत्रा अडगळ समजून काढू नका. हवा इंजिनाच्या फिन्सवरून (बाहेरच्या पातळ पात्यांवरून) नेणारा तोच आहे.

सुरू होत नसेल तर आधी अर्थिंग बघा. माउंटिंगला नवा रंग मारलेला असतो आणि करंट परतायला वाटच उरत नाही. मग टाकीची उंची बघा, कार्ब्युरेटरपेक्षा खाली असेल तर पेट्रोल चढणार नाही. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं आणि जुनं रबर फुगवतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा फ्लोट बाऊल (पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा करून ठेवा.

चालवायची कुठे

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि घरी बांधलेल्या एटीव्हीला आरटीओ नोंदणी देणार नाही. म्हणजे आरे कॉलनीचा रस्ताही नाही आणि गोराईची वाळूही नाही. कर्जत, मुरबाडकडे ओळखीच्या कुणाची खासगी जमीन असेल तर परवानगी घेऊन तिथेच, हेल्मेट घालून. तिथवर गाडी छोट्या हत्तीतून न्यावी लागेल. म्हणून फ्रेमची रुंदी ठरवण्याआधी टेम्पोच्या हौद्याचं आणि तुमच्या गाळ्याच्या शटरचं माप घ्या.