मळ्यातली जुनी गाडी ‘आहे तशी’ विकताय? या चुका टाळा

वर्षानुवर्षं पत्र्याखाली उभी असलेली गाडी. टपावर कोंबड्या, मागच्या सीटवर सरकीची पोती, टेकून ठेवलेल्या पऱ्हाट्या. एक दिवस पुण्याहून फोन येतो, “गाडी द्यायची आहे का?” आणि सगळं घर तिला सजवायला धावतं. चुकतं ते इथूनच.

माझंही असंच चुकलं. आबांची १९५६ ची डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी, अमळनेरजवळ मळ्यात होती. गिऱ्हाईक येणार म्हणून आदल्या दिवशी मी गावातल्या पेंटरकडून तिला चकचकीत काळा रंग मारून घेतला. गिऱ्हाईक दाराशी उकिडवं बसलं, नखानं रंग खरवडला आणि म्हणालं, “याच्याखाली काय लपवलंय?” लपवलं काहीच नव्हतं, पण आता ते पटवायचं कसं? कंपनीचा रंग कोणता, पत्रा कुठे सडला, गाडी पूर्वी कुठे ठोकली होती, हे जुन्या रंगावरूनच कळतं. त्यावर ब्रश फिरवलात की भाव पडलाच. कोरड्या फडक्यानं धूळ झटका, बास.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे चेसिस नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरवर, ग्राइंडर मारणं. गंजानं अक्षरं दिसत नाहीत म्हणून पोरं पॉलिश पेपर नाहीतर ग्राइंडर घेतात आणि गंजासोबत नंबरही उडवतात. नंबरच गेला तर ती गाडी आरसी बुकातलीच, हे आरटीओत सिद्ध कसं करणार? डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं पुसा. मग कागद धरून वरून पेन्सिल घासा आणि ती प्रिंट गिऱ्हाइकाला पाठवा.

“चालू शे का भो?” हा प्रश्न येणारच. उत्तर द्यायला म्हणून ट्रॅक्टरनं ओढून गाडी चालू करू नका. जाम इंजिनात रिंगा तुटतात, रॉड वाकतात. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, चार दिवस थांबा, मग हँडलनं हातानं फिरवून पाहा. फिरलं तर ‘इंजिन हातानं फिरतं’ एवढंच सांगा. नाही फिरलं तर ‘जाम आहे’ म्हणा. प्रोजेक्ट म्हणून, म्हणजे पुन्हा उभी करायला गाडी घेणाऱ्याला जाम इंजिनाची भीती नसते, त्याला राग येतो तो थापेचा.

आपल्याकडे जीपला आणि अँबॅसेडरला डिझेल इंजिन बसवायची मोठी टूम होती. तसं असेल तर आधीच सांगा आणि आरसीत नोंद आहे का ते बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी मिळते ती पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तर. १९८४ ची पद्मिनी ‘विंटेज’ म्हणून खपवू नका. तिला २०३४ उजाडेल.

कागदांचं रडगाणं घरोघरी सारखंच. बुक आजोबांच्या नावावर, आजोबा केव्हाच गेलेले, आणि काका-आत्यांच्या सह्या बाकी. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१, विक्रीला २९ आणि ३०, परराज्यात जाणार असेल तर एनओसीसाठी २८. हे बयाणा घेण्याआधी उरका. नंबर जळगावच्या एमएच-१९ मालिकेच्या आधीचा असेल तर तो कॉम्प्युटरवर चढला आहे का, तेही विचारून या. नाव बदलेपर्यंत गाडीची जबाबदारी तुमच्याच गळ्यात.

फोटो काढताना चांगली बाजूच काढायचा मोह होतो. मॅट उचलून तळाचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, डिकीतली स्टेपनीची जागा, हे आधी टिपा. खान्देशच्या कोरड्या हवेत कोकणापेक्षा पत्रा बरा टिकतो, पण काळ्या मातीवर पावसाळे काढलेली गाडी खालून खाल्लेली असते. वायरिंग उंदरांनी कुरतडलं असेल तर तेही दाखवा.

भंगारवाल्याला काही देण्याआधी कपाटं आणि पोटमाळा धुंडाळा. व्हीलकप, बिल्ले, काचेच्या पट्ट्या, तुटका हेडलाइट, सगळं एका पेटीत भरा. आमच्या दोन व्हीलकपांत म्हशीला पेंड भिजत होती.

किमतीसाठी इंटरनेटवरची रंगवून तयार झालेली गाडी बघू नका. पत्राकाम, क्रोम, सीटचं काम, यांचा खर्च वजा केल्यावर उरतं त्यावर बोला.

आणि उचलताना चाकांत हवा भरा, ब्रेकचे ड्रम जाम होऊन धरलेत का पाहा, दोर चेसिसला बांधा. आम्ही बंपरला बांधला. तो वाकला, आणि गिऱ्हाइकानं त्याचे पैसे माझ्यादेखत शेवटच्या हप्त्यातून कापून घेतले.