जीवाश्मावरून वाळवंटातलं म्युझियम करताय? थिसिसमधल्या या चुका टाळा

बेळगावात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचे थिसिसचे विषय ठरायला लागले की यादीत जैसलमेर नाहीतर कच्छ येतंच. मुलं असतात खानापूर, निपाणी, चिकोडीकडची. घरामागं भात नाहीतर ऊस, आणि विषय वाळवंटातलं जीवाश्मांचं म्युझियम. विषय उत्तम आहे, नवं करायला जागाही भरपूर आहे. पण ज्युरीत, म्हणजे थिसिस तपासणाऱ्या परीक्षकांत, बसलं की त्याच त्या चुका समोर येतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं. फोटो बघून जीवाश्माचा आकार उचललेला असतो. तो आकार त्या जीवाला कशाला लागत होता, हे विचारलेलंच नसतं.

वरून दिसणारा शंख

सगळ्यात जास्त वेळा येतो तो अमोनाइट. गुंडाळलेल्या कवचाचा हा समुद्री प्राणी कच्छच्या खडकांत भरपूर सापडतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर गेले त्याच सुमारास तोही संपला. शीटवर प्लॅन म्हणजे त्याचीच गिरकी. "मॅडम, वरनं बघितलं की शंखच दिसतंय की ओ," असं उत्साहानं सांगितलं जातं. दिसतं खरं, पण वरून बघणार कोण? दाराशी उभ्या माणसाला एक वाकडी भिंत दिसते, तेवढंच.

खरी अडचण आत आहे. गिरकीच्या वाटेनं माणूस मध्यावर पोचतो आणि वाट तिथंच संपते. एक शाळेची सहल आत येतेय, दुसरी त्याच वाटेनं बाहेर निघालीय, आणि आगीच्या वेळी सगळ्यांना पूर्ण गिरकी उलटी चालायची आहे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटनं यावर लिफ्टचा तोडगा काढला: आधी लिफ्टनं वर जा, मग उतारावरून बघत खाली या. 1959 पासून ती इमारत नावाजली गेली, तरी उतरती जमीन आणि कललेल्या भिंतींवर चित्रं लावायची कशी, ही कुरकुर तिथं सुरुवातीपासून आहे. तुमची इमारत बैठी असेल तर मध्यावर उघडा चौक ठेवा आणि तिथून बाहेर पडायला दुसरी वाट काढा. गिरकी एका जागी तोडावी लागली तर खुशाल तोडा.

अमोनाइटकडून काही घ्यायचंच तर त्याचा छेद, म्हणजे कवच कापल्यावर आत दिसतं ते, बघा. प्राणी राहायचा फक्त शेवटच्या, सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात. वाढला की पुढं सरकायचा आणि मागं पडदा घालून जुनी जागा बंद करायचा. सगळ्या बंद कप्प्यांतून एक बारीक नळी गेलेली असायची. तिच्या मदतीनं आतलं पाणी काढून घेऊन तो पाण्यात तोल सांभाळायचा. म्युझियमला जे लागतं ते यात जवळपास सगळं आहे. टप्प्याटप्प्यानं वाढणारी इमारत, नमुने साठवायला बंद आणि अंधारे कप्पे, लोकांसाठी बाहेरचं मोठं दालन, आणि सगळ्यांना जोडणारा एकच सर्व्हिस डक्ट, म्हणजे हवा, पाणी, वायरी नेणारा बोळ. या विचारातून निघालेला प्लॅन कदाचित सरळ चौकोनीही येईल. येऊ दे.

शंखाबरोबर शीटवर हमखास येणाऱ्या गोल्डन रेशोबद्दल, म्हणजे त्या नावाजलेल्या सोनेरी प्रमाणाबद्दल, एकदाच सांगते. त्या प्रमाणानं ओढलेलं सोनेरी सर्पिल एका पूर्ण फेऱ्यात जवळजवळ 6.85 पट मोठं होतं. नॉटिलस या आजही जिवंत असलेल्या, अमोनाइटसारख्या समुद्री प्राण्याचं कवच एका फेऱ्यात साधारण तिप्पट होतं. म्हणजे शीटच्या कोपऱ्यात नॉटिलसवर ओढलेली ती पिवळी रेघ त्याच्यावर बसतच नाही, आणि मोजपट्टी घेऊन बसणारा एखादा परीक्षक निघाला की तिथंच पंचाईत होते.

वाळवंटी गुलाब हा जीवाश्म नव्हे

दोह्यातलं कतारचं राष्ट्रीय म्युझियम प्रत्येक केस स्टडीत असतं, आणि शीर्षक असतं "जीवाश्मापासून प्रेरित". ज्याँ नूव्हेल या फ्रेंच आर्किटेक्टनं ते केलं, 2019 च्या मार्चमध्ये ते उघडलं, आणि त्याचा आधार आहे डेझर्ट रोझ. तो जिप्समचा स्फटिक असतो. खारट जमिनीतलं पाणी वाळूतून वर येऊन आटतं तेव्हा त्याच्या पाकळ्या तयार होतात. तिथं जीव नव्हता. चूक बारीक वाटते, पण तुमचा अख्खा विषयच जीवाश्म असेल तर ती पहिल्या शीटवरच पकडली जाते.

त्या इमारतीकडून शिकायचं ते वेगळंच राहून जातं. एकमेकींत घुसलेल्या 539 तबकड्या, आणि त्यातली बाहेर आलेली तबकडी खालच्या भिंतीवर सावली धरते. आकारानं तिथं उन्हाचं काम अंगावर घेतलंय. तुमच्या पाकळ्या कुणावर सावली पाडतात, मे महिन्यात दुपारी चार वाजता, एवढं काढून दाखवा. नाही पाडत? मग त्या पाकळ्या काढून टाका, खर्च वाचेल.

अजून एक उदाहरण बघा, त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. इजिप्तमध्ये फायूमच्या बाजूला वाडी अल-हितान, म्हणजे व्हेलची दरी. 2005 पासून जागतिक वारसा स्थळ. तिथलं म्युझियम 2016 मध्ये सुरू झालं. बुटकं, वाळूच्याच रंगाचं, मध्ये बॅसिलोसॉरस या प्राचीन व्हेलचा सुमारे 18 मीटर लांब सांगाडा. बाकीचे पुष्कळ सांगाडे बाहेर दरीतच ठेवलेत, सापडले तिथंच. जैसलमेरजवळच्या आकल उद्यानातही सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके जागच्या जागी पडलेले आहेत. आपल्या मुलांच्या प्लॅनमध्ये मात्र सगळं उचलून आत आणलेलं, आणि बाहेर लॉन!

प्रत्यक्ष जीवाश्म कधी हातानं चाचपलेलाच नसतो, हेही एक कारण. बेळगावचा काळा दगड लाव्हाचा, त्यात शोधून काही मिळायचं नाही. पण लोकापूर-बागलकोट पट्ट्यातल्या कलादगी चुनखडकांत स्ट्रोमॅटोलाइट आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी थरावर थर चढवून उभे केलेले घुमटाकार गठ्ठे. प्राणी जन्मायच्या कितीतरी आधीचे. भूगर्भशास्त्राच्या कुणा प्राध्यापकांना गाठा आणि एक दिवस जाऊन या. हातोडी घरी ठेवा, वही आणि टेप न्या, एका गठ्ठ्याचा छेद मोजून काढा. भिंत थरांनी जाड होत जाते म्हणजे काय, हे इंटरनेटवरच्या शंभर फोटोंपेक्षा तिथं लवकर कळतं.

बेळगावचा हात

इथं वाढलेल्या माणसाचा हात आपोआप उतरतं छप्पर, मोठा सोपा आणि समोरासमोर खिडक्या काढतो. खानापूरकडच्या घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला जोराच्या एका आठवड्यात पडतो तेवढा पाऊस जैसलमेरला अख्ख्या वर्षात पडला तरी पुष्कळ. तिथं उन्हाळ्याच्या दुपारी आरपार वारा घ्यायचा म्हणजे 45 अंशांची हवा आत घ्यायची. दिवसा बंद, रात्री उघडं, जाड भिंत, लहान तोंडं, आतला चौक असा तिथला रिवाज आहे. जैसलमेरजवळ कनोई गावात आर्किटेक्ट डायना केलॉग यांनी केलेली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा बघा: लंबगोल, स्थानिक पिवळ्या दगडाची, जाळीची भिंत, मध्ये चौक, पावसाचं पाणी साठवायची सोय. तिचा लंबगोल उचलू नका, छेद उचला.

सूर्याची गफलत याहून मोठी, कारण ती दिसत नाही. बेळगाव साधारण 16 अक्षांशावर. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडं दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला झुकलेला असतो. जैसलमेर 27 वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या वर. तिथं दुपारी सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. उत्तरेच्या भिंतीला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं, त्याला आडवा छज्जा निरुपयोगी, उभी आडभिंत हवी. हिवाळ्यात दक्षिणेचं दुपारचं ऊन तिथं 40 अंशांपर्यंत खाली येतं, आपल्याकडं 50 च्या आसपास थांबतं. म्हणून आधीच्या प्रोजेक्टमधला छज्जा तसाच चिकटवला की सगळं गणित चुकतं. सनपाथ, म्हणजे त्या जागेवरची सूर्याची वाट, नव्यानं काढा.

पाऊस कमी म्हणून गच्चीचा उतार आणि निचरा विसरायचा नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यात पूर आला, कवास गाव पाण्याखाली गेलं आणि पाणी कितीतरी दिवस हललं नाही. खालच्या जिप्समच्या थरानं ते मुरू दिलं नाही. साइट सखल भागात असेल तर मातीचा अहवाल जोडा.

आत काय बिघडतं

वाळू. उडत्या वाळूचे जड कण बहुतेक जमिनीपासून दीडेक मीटरच्या आतच उड्या मारत जातात. हवा आत घेणारी तोंडं त्याच्या बऱ्याच वर ठेवा. तुमच्या नागमोडी भिंतीचा खोलगट भाग वाऱ्याच्या आडोशाला येत असेल तर तिथं ढीग साचणार, आणि मुख्य दार नेमकं त्याच खोबणीत असतं. का कुणास ठाऊक, प्रत्येक वेळी.

"जीवाश्म म्हणजे दगडच, त्याला काय होतंय" असं म्हणत गॅलरीत डेझर्ट कूलर दाखवतात. कूलर हवेत ओलावा भरतो. ज्या जीवाश्मांत पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, असतं, ते आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की सडायला लागतात. त्यातून आम्ल तयार होतं आणि नमुन्याचा भुगा होतो. उलट चिकणमातीच्या खडकातले नमुने फार कोरड्या हवेत तडकतात. म्हणून साठवणीच्या खोल्या जमिनीत, जाड भिंतींआड, वेगळ्या हवेच्या व्यवस्थेवर ठेवा. शिंपल्यांसाठी प्लायवुडची कपाटं नकोत. लाकडातून आणि गोंदातून सुटणारी आम्लाची वाफ त्यांना खाते.

उजेडाचं थोडक्यात. बाहेर भर उन्हात एक लाख लक्स (उजेड मोजायचं माप) आणि गॅलरीत दोनशे. मध्ये सावलीचा टप्पा दिला नाही तर पहिलं दालन कुणाला दिसतच नाही.

शेवटी वजन. तीन मीटर लांब, 60 सेंटिमीटर जाड दगडी ओंडका सव्वादोन टनांच्या घरात जातो, आणि तो टेकतो दोन चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. तसले चार ओंडके वरच्या मजल्यावर लांब गाळ्याच्या स्लॅबवर मांडलेले मी बघितलेत, खाली कॅफेटेरिया. जड नमुने तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या स्वतंत्र पायावर घ्या. ते आत येणार कुठून, तेही ठरवा: त्या बाजूचं दार किमान साडेतीन मीटर रुंद, वाटेत पायरी नको, आणि क्रेन कुठं उभी राहणार ती जागा साइट प्लॅनवर काढलेली हवी.