रग्बीतले रक, मॉल आणि बॉल नेमका कुणाचा? कबड्डी-कुस्ती बघून मोठं झालेल्यांसाठी

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हापासून बेळगावात आमच्या कट्ट्यावर पण रग्बी लागायला लागलीय, आणि प्रत्येक वेळी कोणतरी एकजण म्हणतोयच, "काय चालूलालंय रे हे, सगळे ढिगाऱ्यात पडलेत, बॉल दिसेना, आणि शिट्टी कशाला?" म्हणून हे लिहितोय, परत परत सांगायचा कंटाळा आला.

आधी कबड्डी विसरा. रेडर घावला की सोडायचा नाही हे आपल्या अंगात भिनलंय, आणि इथं बरोबर उलटं. बॉलवाल्याला धरून खाली आणलं (एक गुडघा टेकला तरी तो पडलाच समजायचं) की पकडणाऱ्यानं लगेच सोडून बाजूला व्हायचं, आणि पडलेल्यानं पण बॉल लगेच पास करायचा नाहीतर खाली ठेवायचा, पोटाशी धरून बसायचं नाही. येळ्ळूरच्या मैदानात पाठ टेकली की कुस्ती निकाली, इथं माणूस पडल्यावरच खरी मारामारी सुरू होते, आणि ती फक्त जे स्वतःच्या पायावर उभे आहेत त्यांनीच करायची.

आता रक. बॉल जमिनीवर, आणि त्याच्यावर दोन्ही टीमचा कमीत कमी एकेक गडी उभ्यानं एकमेकाला भिडलेला, झाला रक. एकदा रक झाला की बॉलला हात लावायचा नाही, ढकलून रेटून पायानं मागं घ्यायचा. पण इथंच सगळी भांडणं होतात, कारण रक व्हायच्या आधी ज्यानं उभ्यानं बॉलवर हात टाकलाय तो पायावर आहे तोपर्यंत झोंबू शकतो. ह्या गड्याला जॅकल म्हणतात, म्हणजे कोल्हा, आणि नाव अगदी बरोबर हाय. समजा लाल टीमचा पडला, निळा कोल्हा वाकून बॉलला लागला, लालवाला सोडेना, तर पेनल्टी निळ्याला. तोच निळा अर्धा सेकंद उशिरा आला, तोवर लालचा सोबती येऊन निळ्याच्या दुसऱ्या गड्याला भिडलेला, आणि मग ह्यानं हात घातला तर पेनल्टी लालला. टीव्हीवर दोन्ही सेम दिसतंय, आपण ओरडतो रेफरी विकला गेला म्हणून, पण तो फक्त आधी कोण एवढंच बघत असतोय. म्हणून स्लो मोशनमध्ये बॉलकडं नको, पायांकडं आणि हातांकडं बघा. कोल्ह्याचे गुडघे किंवा कोपर जमिनीला टेकलं, नाहीतर पडलेल्याच्या अंगावर भार देऊन टिकलाय, तर तो पायावर नाहीच.

रकमध्ये कडेनं घुसायचं नाही, आपल्या शेवटच्या गड्याच्या मागनंच यायचं. जे बाहेर आहेत त्यांनी पण त्या शेवटच्या पायाच्या मागं थांबायचं, पुढं सरकला तर ऑफसाईड. बॉल जिंकून मागच्या पायात ठेवलाय आणि टाईमपास चाललाय, तर रेफरी "यूज इट" म्हणतो, मग ५ सेकंदात बाहेर काढायचा, नाही काढला तर स्क्रम (दोन्ही टीमचे गडी वाकून खांदे भिडवतात आणि मध्ये बॉल टाकून खेळ परत सुरू होतो) समोरच्याला, म्हणजे बॉल टाकायचा मान त्यांचा.

मॉल म्हणजे बॉल हातात, जमिनीवर नाही. बॉलवाला उभा, दोन्ही टीमचा किमान एकेकजण त्याला बिलगलेला, सगळे पायावर. मुद्दाम पाडायचा नाही, पाडला की पेनल्टी. आता गंमत बघा, मॉल अडकला, बॉल बाहेर येईना, तर स्क्रम मिळतो समोरच्याला, म्हणजे मॉल सुरू होताना बॉल ज्यांच्याकडं नव्हता त्यांना (उलट समोरच्याचा चालू खेळातला किक थेट झेलला आणि तिथंच मॉल झाला तर झेलणाऱ्यालाच, हा एक अपवाद). म्हणून हुशार टीम बॉलवाल्याला पाडतच नाही, उभाच धरून ठेवते. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडनं हेच करून ऑस्ट्रेलियाला १५-६ हरवलं होतं. कबड्डीतली आपली पकड इथं मात्र कामाला येते की!

मुंबईतली लीग सात-सात जणांची असते, त्यात मॉल फार कमी, रक पण दोघातिघांचेच, त्यामुळं शिकायला तेच बघा, पंधरा जणांचा ढिगारा नंतर.

आणि शिट्टी झाली की रेफरीचे हात बघा. दोन्ही हात छातीशी, बॉल धरल्यासारखे, म्हणजे पडलेल्यानं सोडला नाही. हात खाली जमिनीजवळ झाडू मारल्यासारखा, म्हणजे रकमध्ये हात घातला. शिट्टी न वाजवता एक हात कमरेएवढा आडवा धरून पळत असेल तर अ‍ॅडव्हान्टेज, हात ज्या बाजूला आहे त्या टीमचा फायदा चालू आहे, फायदा झाला नाही तर मागं येऊन शिट्टी मारणार.